विमा विकणारं बदक

आजच्या भागात एक विमा कंपनी आहे, एक बदक आहे आणि एक प्रश्न आहे: ज्या गोष्टीचं नाव काढलं तरी लोक विषय बदलतात, ती गोष्ट हसवून कशी विकायची?

विमा विकणं मुळातच अवघड. साबण घेतला तर हातात साबण येतो. विम्यात हप्ता आज जातो आणि हातात येतं फक्त एक वचन. तेही आजारपण, अपघात नाहीतर मरणाशी जोडलेलं. म्हणून विम्याच्या जाहिरातींचा जुना सूर गंभीरच. आपली एलआयसीच बघा ना. स्थापना १९५६ ची, बोधचिन्हात ज्योतीला आडोसा देणारे दोन हात आणि बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातलं. घरातलं वडीलधारं माणूस 'काळजी करू नकोस' म्हणतं ना, तसा सूर.

आता जाऊ अमेरिकेत. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात १९५५ साली अमोस आडनावाच्या तीन भावांनी एक विमा कंपनी काढली. तिच्या लांबलचक नावातली आद्याक्षरं जोडून पुढे झालं 'ॲफ्लॅक'. तुम्ही आजारी पडलात, कामावर जाता आलं नाही, तर नेहमीच्या आरोग्य विम्याशिवाय वरचे पैसे देणारी ही कंपनी. धंदा चांगला होता. अडचण एकच, नाव कुणाच्या लक्षातच राहत नव्हतं!

न्यूयॉर्कच्या कॅप्लान थेलर या जाहिरात संस्थेकडे काम गेलं. तिथला एकजण 'ॲफ्लॅक, ॲफ्लॅक' असं पुटपुटत फिरत होता आणि लक्षात आलं, अरे, हे तर बदक ओरडल्यासारखं वाटतंय! कल्पना तोंडी सांगितली की कुणाला हसू येईना. पण प्रेक्षकांवरच्या चाचणीत बदकच पुढे निघालं. कंपनीचे प्रमुख डॅन अमोस यांनी धोका पत्करला आणि २००० सालाच्या सुरुवातीला जाहिरात टीव्हीवर आली.

काय होतं तिच्यात? बागेतल्या बाकावर दोन माणसं बसलीयेत. तो विमा कुठला, नाव काय त्याचं, काही केल्या आठवत नाही. शेजारी बदक जीव तोडून ओरडतंय, 'ॲफ्लॅक!' आणि त्यांना काही पत्ताच नाही.

गंमत इथेच आहे. त्या दोघांना जे कळत नाही, ते आपल्याला कळतं. आपल्याला हुशार वाटतं आणि उत्तर आपणच मनात म्हणतो. म्हणजे कंपनीचं नाव प्रेक्षकाकडूनच वदवून घेतलं. आणखी एक बघा, इथे आजारी माणसावर कुणी हसत नाही. हसू आहे ते विसराळूपणावर.

मग कंपनी जपानला हेच बदक घेऊन गेली. तिथे ती १९७४ पासून होती, कर्करोगाचा विमा विकत होती. पण अंगावर ओरडणारं बदक तिथे रुचणारं नव्हतं. म्हणून जपानी बदकाचा आवाज मऊ केला. पक्षी तोच, सूर ऐकणाऱ्याच्या रीतीचा.

आणि मग आलं २०११. मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं. अमेरिकेतल्या बदकाचा आवाज होता कॉमेडियन गिल्बर्ट गॉटफ्रीड यांचा. त्यांनी ट्विटरवर या आपत्तीवरच विनोद केले. कंपनीचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जपानमधून येत होतं. काही दिवसांतच गॉटफ्रीड यांना काढण्यात आलं. विसराळूपणावरचा विनोद अकरा वर्षं चालला. ज्यांच्यावर संकट कोसळलं होतं, त्यांच्यावरचा विनोद एक आठवडाही टिकला नाही. विमा कंपनी त्याच संकटाच्या दिवशी पाठीशी उभं राहण्याचं वचन विकत असते ना!

या गोष्टीला अजून एक बाजू आहे. नाव घराघरात पोचलं, पण ही कंपनी नेमकं करते काय, हे बऱ्याच जणांना सांगता येईना. शेवटी तेवढंच समजावायला कंपनीला वेगळ्या जाहिराती कराव्या लागल्या. तीस सेकंदांच्या विनोदात नाव मावतं, अटी मावत नाहीत.

तेव्हा रील बघताना एखादी विम्याची जाहिरात आवडली, तर हसा बिनधास्त. पण सही करण्याआधी पॉलिसीत दोन गोष्टी शोधाच: पैसे कधी मिळणार आणि कधी नाही मिळणार. त्या बदक ओरडून सांगत नाही.

भेटू पुढच्या भागात!