प्लेगचे भय आणि गिरणगाव

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठी आलेले तापाचे रोगी आढळले, आणि हा प्लेगच आहे असे त्यांनी उघड सांगितले. त्या रोगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. येथे आम्ही विचार करणार आहोत तो त्याच्या भयाचा. कारण रोगाने गाठलेल्यांपेक्षा भयाने गाठलेली माणसे कितीतरी अधिक होती.

अडाणी लोक घाबरले, असे म्हणून हा विषय संपवण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. शहाण्यांना तरी तेव्हा काय ठाऊक होते? प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगला शोधला होता. परंतु उंदरावरची पिसू तो पसरवते, हे सिमोंद यांनी कराचीत दाखवले ते १८९८ साली. तोवर मुंबईची नगरपालिका गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतीत होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये हुकूम निघाला की, रोग्यास घरातून सक्तीने इस्पितळात न्यावे. चाळीतल्या कामगाराने काय पाहिले? आपला माणूस गाडीत घालून आर्थर रोडला नेला आणि बहुधा परत आला नाही. मग तेथे मुद्दाम मारतात, अंगातले तेल काढतात, अशा अफवा उठल्या. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले, आणि सक्तीचा हुकूम सैल करावा लागला. अफवा खोटी होती. परंतु विचारल्या प्रश्नाला जेथे कोणी उत्तर देत नाही, तेथे अफवा उत्तर देते.

१८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते. जे राहिले, त्यांचे भय दुहेरी होते. गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही कित्येक दिवस अडकवून ठेवीत. उद्या आपण जगू की नाही, गावी पळावे लागेल की काय, याची शाश्वती नसलेल्या माणसाने महिनाभराची मजुरी मालकाकडे का ठेवावी? कामगार रोजचा रोज पैसा मागू लागले. माणसे इतकी दुर्मिळ झाली की, गिरण्यांचे लोक नाक्यावर उभे राहून चढती मजुरी बोलू लागले. अनेक मालकांना रोजची मजुरी रोज द्यावी लागली. साथ ओसरताच ती पद्धत मोडण्यात आली, हेही ध्यानात ठेवावे.

लोकांचा धीर कशाने परतला? पहिली गोष्ट, निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली. आपली भाषा बोलणारा माणूस उशाशी आहे, घरच्यांना भेटता येते, एवढ्याने इस्पितळाची दहशत पुष्कळ कमी झाली. दुसरी, सांगणाऱ्याने आधी स्वतः केले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी ती आपल्या अनुयायांसमोर घेतली. याउलट ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला सक्तीने तपासू लागताच विणकर खवळले आणि दंगल पेटली. दीड वर्षाचा अनुभव असा वाया गेला.

ज्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ज्यांच्या खटपटीने रविवारची सुट्टी मिळाली, ते नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करीत सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी गेल्या. भय त्यांनाही वाटले असेलच. पण ज्यांना धीर द्यायचा त्यांच्यातच ती उभी राहिली.

मार्च २०२० मध्ये करोनाने देश बंद झाला तेव्हा आमच्याकडे रात्री-अपरात्री कामगारांचे फोन येत. रोगाची लक्षणे थोडे विचारीत. पगार होणार का, खोलीचे भाडे कसे भरू, गावी जायला गाडी केव्हा सुटेल, हे बहुतेक विचारीत. त्या दिवसांत मुंबईचे पहिले करोना रोगी ज्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवले, ते म्हणजे पूर्वीचे आर्थर रोडचे इस्पितळच. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली. हातावर पोट असलेल्याची चिंता तीच राहिली. पुढच्या साथीची तयारी करणाऱ्यांनी खाटा आणि लशी मोजाव्यातच. परंतु आजारपणात मजुरी कोण देणार आणि खरी बातमी चाळीपर्यंत कोण नेणार, हेही त्याच कागदावर आधी लिहून ठेवावे.