बागबंगला, बुजलेला तलाव आणि वहिवाटीचा कायदा

रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या खटल्यात चौकशी मंडळातले तिघे इंग्रज एकीकडे, तर ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव दुसरीकडे गेले. तरीही बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची गादी गेलीच. १८७५ मध्ये त्यांना मद्रासला नेऊन नुंगंबाक्कमच्या डोव्हटन हाऊसमध्ये ठेवलं. १८८२ मध्ये ते मद्रासमध्येच वारले.

या भागात तेव्हा गोऱ्या साहेबांचे असे प्रशस्त बागबंगले होते. बहुतेकांचे पुढे तुकडे पडले. डोव्हटन हाऊस वाचलं, कारण १९१६ मध्ये तिथं वुमेन्स ख्रिश्चन कॉलेज आलं. नुंगंबाक्कमचा तलाव मात्र खासगी नसूनही वाचला नाही. त्याच्या जागेवर वस्ती उठली, १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभं राहिलं. 'लेक एरिया' आणि 'टँक बंड रोड' हे पत्ते तेवढे राहिले.

मल्हारराव वारले त्याच वर्षी, १ जुलैला, वहिवाटीच्या हक्कांचा कायदा म्हणजे इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट लागू झाला, तोही आधी मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग इथं. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. त्यातलं एक उदाहरण असं: 'अ'च्या घराची वाट शेजारच्या 'ब'च्या जमिनीतून जाते. बांधावरून कोर्टात गेलेल्या मराठी माणसाला याहून जास्त सांगायला नको. पण हक्क मागायचा तर स्वतःची जमीन हवी आणि तो हक्क तिच्या उपभोगासाठी हवा. त्यामुळे शेजाऱ्याचा उजेड, पाणी, वाट सुरक्षित. बाग किंवा तलाव मात्र नाही: झाडाच्या नावावर सातबारा नसतो.

अमेरिकेत स्वतःच्या जमिनीची ही अट बाजूला सारली गेली. १८९१ मध्येच मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स एलियट यांच्या पुढाकारानं निसर्गरम्य जागा राखणारी विश्वस्त संस्था निघाली. १९८१ च्या नमुना कायद्यानं वाट आणखी मोकळी केली: मालक जमीन स्वतःकडे ठेवतो, करार करून बांधकामाचा हक्क सोडून देतो आणि तो करार पाळला जातो की नाही हे संस्था पाहते. संस्थेची शेजारी जमीन नसली तरी चालतं. बंधन वारसांवर आणि खरेदीदारांवरही येतं.

आपल्याकडे १९२७ च्या वन कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार मालक आपली जमीन वन म्हणून राखण्याची विनंती सरकारला करू शकतो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय झाली. दोन्ही तरतुदी रानासाठी. शहरातल्या बागेला त्यांचा फारसा उपयोग नाही. तिच्या मालकाला बाग राखायचीच असेल, तर जमीनच एखाद्या ट्रस्टच्या नावे करावी लागते.