खिळे घासता घासता

निर्णयसागर छापखान्याचा एखादा जुना संस्कृत ग्रंथ हाती आला, की मजकुराआधी डोळ्यांत भरतात ती त्याची अक्षरं. वळणदार, ठसठशीत, एका ओळीत बसलेली. हा सुबकपणा मुंबईत यायला पन्नासेक वर्षं लागली.

अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मुंबईत मराठी छपाई सुरू केली, तेव्हा देवनागरी खिळे, म्हणजे धातूत ओतलेले अक्षरांचे टाइप, थेट कलकत्त्याहून मागवावे लागले. अक्षरं ओबडधोबड होती, पण छपाई थांबली नाही. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षरांची वळणं सुधारत नेली. तिथली शिळाछपाई पाहून गणपत कृष्णाजींनी घरीच लाकडी यंत्र खटपट करून बनवलं, शाई करून पाहिली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. धातूचे खिळे पाडण्याच्या मागे ते नंतर लागले.

मिशनच्या छापखान्यात दहाएक वर्षांचा एक मुलगा महिना दोन रुपयांवर कामाला लागला. त्याचं काम खिळे घासण्याचं. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूची कुसं राहतात. ती घासून बाजू सपाट केल्या नाहीत, तर शेजारचा खिळा नीट बसत नाही आणि सगळी ओळ वाकडी होते. त्यात देवनागरीची काना-मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं! एका अक्षरासाठी दोन-तीन खिळे नेमके जुळावे लागत.

हा मुलगा म्हणजे जावजी दादाजी (१८३९–१८९२). शाळा जेमतेम झालेली. नोकरीत राहूनच ते ओतकामातली एकेक खुबी शिकले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरांचे ठसे कोरण्यात मित्र राणोजी रावजी आरू यांचा हात होता. छापखाना मात्र त्यांनी लगेच थाटला नाही. ‘निर्णयसागर’ उभा राहिला तो १८६९ मध्ये.

मग कामाचा पसारा वाढत गेला. १८८१ पासून वि. कों. ओक यांचं ‘बालबोध’ मासिक तिथे छापलं जाऊ लागलं, तर १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. या मालेने हस्तलिखितांत पडून राहिलेली संस्कृत काव्यं छापली. सर्वांत निर्दोष पोथी सापडेपर्यंत ग्रंथ अडवून ठेवायचा, असा हट्ट संपादकांनी धरला नाही. मिळालेल्या पोथ्या ताडून मजकूर ठरवायचा, पाठभेद तळटीपांत द्यायचे आणि पुस्तक वाचकाच्या हाती द्यायचं. राहिलेल्या चुका दुरुस्त करायला पुढची आवृत्ती होतीच.