मॅगझिनचं माहेर

शाळेच्या वार्षिक अंकाला नाव द्यायचं होतं. मी 'मखजन' सुचवलं. एक सहकारी हसून म्हणाले, "सर, फार परका वाटतो हो शब्द. 'मॅगझिन'च राहू द्या, सगळ्यांना कळतं." तेच नाव राहिलं. मी गप्प बसलो, पण बोलणं मनाला लागलं. कारण मॅगझिन आणि मखजन एकाच घरचे आहेत.

अरबीत ख-ज-न म्हणजे साठवणं. उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो, सजदा करण्याची जागा मसजिद, बसण्याची जागा मजलिस, तशी साठवण्याची जागा मखजन. म्हणजे कोठार. अनेकवचन मखाजिन. व्यापारासोबत हा शब्द इटालीत पोचला आणि 'मागाझ्झिनो' झाला. फ्रान्समध्ये तो आज साध्या दुकानाला वापरतात! इंग्रजीतही आधी कोठारच, पुढे विशेषतः दारूगोळ्याचं. ११ मे १८५७ रोजी बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी दिल्लीतलं स्वतःचंच 'मॅगझिन' उडवून दिलं. त्याच्या दरवाजाचे अवशेष काश्मिरी गेटजवळ अजून उभे आहेत. बंदुकीत गोळ्या भरतात तेही मॅगझिनच.

१७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्हने 'द जंटलमन्स मॅगझिन' काढलं. वर्तमानपत्रांतले उतारे, बातम्या, कविता यांचं कोठार, म्हणून हे नाव. नियतकालिकाला मॅगझिन म्हणायला लागले ते तिथून. मग १९०१ मध्ये लाहोरला शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक सुरू केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मखजन'. इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात छापून आली. इतका फिरून शब्द पुन्हा आपल्या मूळ रूपात आला, फक्त आता त्यात धान्य नव्हतं, दारूगोळा नव्हता, गझला होत्या.

मराठीला तरी तो परका कुठे? त्याच ख-ज-न मधून 'खजिना' आला. गणेश मंडळापासून मसजिदीच्या ट्रस्टपर्यंत खजिनदार असतोच, आणि त्या पदाला कुणी परकं म्हणत नाही. आमचे ते सहकारी स्वतः शिक्षक पतसंस्थेचे खजिनदार आहेत.

यंदा अंकाची बैठक दिवाळीनंतर आहे. या वेळी मी 'खजिना' सुचवणार आहे.