भाडेकरू-मालक वाद (तळवडे)

तळवडे हे हवेली तालुक्यातील गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. निगडी आणि देहू यांच्या मधल्या या गावात एकीकडे एमआयडीसीचे सॉफ्टवेअर पार्क आहे, दुसरीकडे ज्योतिबानगरसारख्या भागात लघुउद्योगांची शेड दाटीने उभी आहेत. चाकणच्या कारखान्यांत जाणारे अनेक कामगारही याच पट्ट्यात राहतात. साहजिकच येथे भाड्याने दिले जाते ते दोन प्रकारचे : कामगाराला खोली आणि छोट्या कारखानदाराला गाळा. भांडणे दोन्हींची होतात, पण कायद्यात दोघांची वाट वेगळी आहे.

मुख्य कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून अनुसूचीतील क्षेत्रांत लागू आहे. त्यातील कलम 55 सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज सर्रास आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली म्हणजे करार झाला, हेही तसेच. ती माहिती सुरक्षेसाठी असते, तिने कोणाचा हक्क ठरत नाही.

खोलीसाठी बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. आधारशी जोडलेल्या यंत्रावर दोन्ही पक्षांचे अंगठे आणि छायाचित्रे घेऊन तो ऑनलाइन नोंदवता येतो. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम 24 नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्याचे धरले जाते. मुदतीनंतरच्या ताब्यासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ही 30 दिवसांची मुदत कामगाराच्या हातून फार सहज निसटते : समन्स गावच्या पत्त्यावर जाते, किंवा शिफ्टमुळे वकिलाकडे जाणेच होत नाही.

गाळ्याला ही झटपट सोय नाही, कारण कलम 24 राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरते आहे. गाळ्याचा दावा लघुवाद न्यायालय असेल तेथे त्याच्यापुढे, अन्यत्र दिवाणी न्यायालयात चालतो. भाडेकरू पब्लिक किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून तिचे भरणा झालेले भांडवल एक कोटी रुपये वा अधिक असेल, तर भाडे नियंत्रणाचे संरक्षणच मिळत नाही. तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 लागू होतो. त्यातील कलम 106 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, कारखानदारीसाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची आणि इतर जागेला पंधरा दिवसांची नोटीस लागते. भाडे नियंत्रण लागू असलेल्या गाळ्यात एखाद्या लेथवाल्याने अर्धे शेड मालकाला न विचारता दुसऱ्याला दिले, तर पोटभाडेकरू ठेवणे हेच त्याला जागेतून काढण्याचे कारण ठरते.

भाडे थकले म्हणून वीज किंवा पाणी तोडण्यास मालकाला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 ने मनाई आहे. भाडेकरूला न्यायालयाकडून ती सुविधा पुन्हा सुरू करून घेता येते. कुलूप तोडून सामान बाहेर काढले असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तेथे मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. गरीब भाडेकरूसाठी इतके थेट कलम दुसरे नाही, आणि ते माहीत नसल्याने माणसे मुकाट्याने गाव बदलतात.

डिपॉझिटची भांडणे सर्वाधिक चिवट. सबमीटरचे युनिट, रंगाचा खर्च, तुटलेला नळ यांची वजावट कराराच्या कागदात क्वचितच स्पष्ट असते. खोली घेताना आणि सोडताना मीटरचे आकडे व भिंतींचे फोटो दोघांनी सहीनिशी ठेवले, तर अर्धा वाद उभाच राहत नाही. भाडे स्वीकारल्याची पावती मागणे हा भाडेकरूचा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 31 खालील हक्क आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर औद्योगिक कामगारही मोफत मदतीस पात्र आहेत. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.