गोतसभेपासून दिवाणी न्यायालयापर्यंत

बांध, विहीर किंवा वाटणी यांवरून ज्या घरास कधी न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही, असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. म्हणून यंदा आम्ही हा विषय ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

मराठेशाहीत वतनाचा अथवा जमिनीचा तंटा पडला की गोतसभा बसे. अग्रवादी व पश्चिमवादी हे निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत, जामीन देत व आपापली तकरीर सांगत. साक्षी झाल्यावर महजर होई. जिंकणाऱ्याने हरकी भरावी व हरणाऱ्याने गुन्हेगारी, अशी रीत होती. पंच उभयतांस ओळखीत, त्यामुळे ज्याचे गाऱ्हाणे त्यानेच सांगावे. ही पद्धत निर्दोष होती असे मात्र नव्हे. पुरावा अपुरा पडल्यास प्रसंगी दिव्य करावे लागे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने प्रथम पंचायती चालू ठेवल्या. परंतु १८२७ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात दिवाणी न्यायालयांची घडी बसली. जातिविषयक प्रश्नांत न्यायालयाने हात घालू नये, असेही त्यांत होते. म्हणजे जातीचा मानपान जातीकडे राहिला. जमीनजुमल्याचा वाद मात्र कचेरीत गेला. १८५९ साली दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता झाली. आता न्याय ओळखीच्या पंचांपुढे नव्हे, तर परक्या न्यायाधीशापुढे, कागदावर व तारखेवर ठरू लागला.

हा बदल न उमगल्याने कुणब्याची दैना झाली. सावकार दावा लावी. कुणबी भीतीने किंवा अज्ञानाने हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जो उठाव झाला व रोखे जाळले गेले, त्यामागे हे दुःख होते. पुढे १८७९ च्या कायद्याने रोख्यामागील व्यवहार मुळापासून तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपविले.

आज १९०८ ची संहिता वेळोवेळी दुरुस्त होऊन चालू आहे. वादी दावा दाखल करतो व प्रतिवादीस समन्स बजावले जाते. त्याने सामान्यतः ३० दिवसांत कैफियत द्यावी. २००२ च्या दुरुस्तीने ही मुदत फार तर ९० दिवसांपर्यंत वाढविता येते. मग न्यायाधीश वादप्रश्न काढतात. पुरावा, उलटतपासणी व युक्तिवाद होऊन निकाल लागतो. जिंकूनही ताबा मिळाला नाही, तर दरखास्त करावी लागते.

यांत दावा तरतो किंवा बुडतो तो बहुधा पुराव्याच्या वेळी. आमच्या वडिलांनी विहिरीच्या हिश्श्याच्या दाव्यात केवळ ओळखीचे म्हणून एका वकिलांस वकीलपत्र दिले. विहीर खणताना हजर असलेला एकच वृद्ध हयात होता. तो साक्षीस आला, त्या दिवशी वकील दुसऱ्या गावी गेलेले. तारीख पडली आणि त्या तारखेपूर्वी वृद्ध वारला. हिस्सा गेला तो गेलाच.

म्हणून वकील नेमण्यापूर्वी न्यायालयात जाऊन बसावे व ते उलटतपासणी कशी घेतात हे पाहावे. आपल्यासारखे दावे त्यांनी चालविले आहेत काय, साक्षीच्या दिवशी स्वतः उभे राहतील की सहायकास पाठवितील, हे स्पष्ट विचारावे. जो कागद वाचून आपली कच्ची बाजू आधी दाखवितो, तो आपला. जो निकालाची हमी देतो, त्यास दुरून नमस्कार करावा. फी आधी ठरवून पावती घ्यावी. निकालात हिस्सा मागणे वकिलांस नियमानेच वर्ज्य आहे. स्त्रियांस व अल्प उत्पन्नाच्या पक्षकारांस १९८७ च्या कायद्यान्वये विनामूल्य वकील मिळू शकतो, हेही ध्यानी असावे.

गोतसभेत माणूस स्वतः बोले. आज त्याच्या वतीने दुसरा बोलतो. तो दुसरा कोण असावा, हे ठरविणे तेवढे आपल्या हाती आहे. ते काम तरी ओळखीपाळखीवर सोपवू नये, एवढीच आमची विनंती.