एक अर्ज, अनेक पर्याय : औषधनिर्माणशास्त्र प्रवेशाचा इतिहास आणि सावनेर परिसर

प्रस्तावना

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस, संत्री आणि कोळसाखाणी यांच्या आधाराने वाढलेले हे गाव मराठी वाचकास प्रामुख्याने राम गणेश गडकरी यांच्या निधनस्थानामुळे (२३ जानेवारी १९१९) परिचित आहे. येथील विज्ञान शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी औषधनिर्माणशास्त्राकडे वळतो, तेव्हा किती महाविद्यालयांसाठी प्रयत्न करावा हा प्रश्न त्याच्या घरात प्रथम उपस्थित होतो. वरकरणी हा गुणांचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर विद्यार्थी देतो त्याहून अधिक प्रमाणात कायदा, न्यायालयीन निर्णय आणि विद्यापीठांच्या सीमा देत आल्या आहेत. प्रस्तुत निबंधात या आकड्याचा इतिहास सावनेरच्या संदर्भात तपासला आहे.

टंचाईचा काळ

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधव्यवसायाची दुरवस्था उघड केली. त्यानंतर १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषधे तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तीपुरता मर्यादित करण्याची तरतूद केली आणि १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. पदविका ही त्यामुळे शैक्षणिक अर्हतेपेक्षा व्यवसायाचा परवाना ठरली. औषधाचे दुकान टाकू इच्छिणाऱ्या तालुक्याच्या गावातील कुटुंबास या कायद्याचा अर्थ लवकरच उमगला असणार.

तथापि अर्ज करावा अशा संस्थाच मोजक्या होत्या. मुंबईचे कालिना येथील महाविद्यालय १९५७ चे. कऱ्हाड, अमरावती, औरंगाबाद येथील शासकीय संस्था आणि नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा विभाग एवढीच नावे विदर्भातील विद्यार्थ्याच्या नजरेसमोर असत. सावनेर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तर लगतचा सौंसर, पांढुर्ण्याचा मराठीबहुल पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून सावनेरहून बसने सहज गाठता येणारे सौंसर प्रवेशाच्या हिशेबात परराज्य झाले आणि शेकडो किलोमीटरवरील कऱ्हाड स्वराज्यातले!

त्या काळी प्रत्येक संस्थेचा अर्ज निराळा असे. छापील अर्जाचे शुल्क, डिमांड ड्राफ्ट किंवा पोस्टल ऑर्डर, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीच्या सत्यप्रती, आणि मुलाखतीस बोलावणे आल्यास प्रवास व मुक्काम. दोन ठिकाणच्या मुलाखती एकाच आठवड्यात आल्या तर एक सोडावी लागे. म्हणजे अर्जांची संख्या विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर ठरत नव्हती. कुटुंबाच्या हातात जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, किती रोख रक्कम शिल्लक आहे यावर ती ठरत होती. प्रवेशाच्या इतिहासलेखनात या खर्चाची नोंद क्वचितच आढळते, कारण न केलेल्या अर्जाचा कागद कोणत्याही दप्तरात राहत नाही.

तीन पर्यायांपासून तीनशेपर्यंत

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. जागा वाढल्या, तशी देणगीही वाढली. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. अनेक संस्थांकडे स्वतंत्र अर्ज करणे याचा अर्थ आता अनेक संस्थाचालकांशी स्वतंत्र बोलणी करणे असाही होऊ लागला होता. अशा बोलणीत सावनेर, केळवद, खापा येथील शेतकरी वा खाणकामगार पालकाचे पारडे हलकेच असणार, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी १९९३ रोजी उन्नीकृष्णन खटल्यात दिलेली योजना महत्त्वाची ठरते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्यानेच मागवावा, प्रवेश गुणवत्तेनुसार द्यावा, निम्म्या जागा अल्प शुल्काच्या आणि निम्म्या अधिक शुल्काच्या असाव्यात, असा तिचा आराखडा होता. शुल्काच्या जागेसाठी विद्यार्थ्याने पसंतीक्रमाने जास्तीत जास्त तीन महाविद्यालये नमूद करावीत, असेही त्यात म्हटले होते. किती ठिकाणी प्रयत्न करावा या घरगुती प्रश्नास देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंकात उत्तर द्यावे, ही घटना असाधारण म्हणावी लागेल. पुढे टी. एम. ए. पै (२००२) निकालाने ही योजना मोडीत काढली आणि महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार (२००५) निकालाने खाजगी संस्थांची स्वायत्तता मान्य करतानाच पारदर्शक सामाईक प्रवेशाची अटही कायम ठेवली. २०१५ च्या राज्य कायद्यानंतर प्रवेशाची सूत्रे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आली. पदवीच्या केंद्रीय प्रक्रियेत अलीकडे एकाच अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरण्याची मुभा आहे.

या बदलाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक नाव वाढविण्यास पैसे लागत. आता नाव वाढविणे फुकट झाले, परंतु क्रम महाग झाला. केंद्रीय प्रक्रियेत गुणवत्ता यादीतील क्रमानुसार विद्यार्थ्यास त्याच्या यादीतील सर्वात वरची उपलब्ध जागा मिळते. म्हणून तळाशी आणखी दहा नावे लिहिल्याने वरच्या नावाची शक्यता कणभरही कमी होत नाही. तरीही लांब यादी म्हणजे कमी आत्मविश्वास, अशी समजूत पालकांत आढळते. ही समजूत जुन्या मुलाखतींच्या काळाचा अवशेष असावी. याउलट, पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाल्यास तो स्वीकारावाच लागतो, न स्वीकारल्यास पुढील केंद्रीय फेऱ्यांस मुकावे लागते. पहिले नाव केवळ प्रतिष्ठेसाठी लिहिणाऱ्याची येथे फसगत होते.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर गणिती निबंध लिहिला होता. अर्जदाराने आणखी कोठे अर्ज केला आहे हे महाविद्यालयास ठाऊक नसते, या अडचणीपासून त्यांनी आरंभ केला आणि पसंतीक्रमाच्या याद्यांवरून स्थिर वाटप करण्याची रीत दाखविली. शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या कार्याचा वाटा होता. ब्रिटनमधील सामाईक प्रवेशसंस्था विद्यार्थ्यास पाचच पर्याय देते. अमेरिकेतील औषधनिर्माणशास्त्राच्या सामाईक अर्जात प्रत्येक वाढीव महाविद्यालयामागे शुल्क वाढते. या दोन्ही ठिकाणी यादी लहान ठेवण्याचा हिशेब मांडावाच लागतो. महाराष्ट्रात निदान कागदावर तो हिशेब उरलेला नाही.

यादी आखूड का राहते?

मग सावनेरकडील विद्यार्थ्याची, विशेषतः विद्यार्थिनीची, यादी आखूड का राहते? पहिले कारण अंतराचे आहे. नागपूर सुमारे चाळीस किलोमीटरवर असले तरी महाविद्यालये शहराच्या दुसऱ्या टोकास, हिंगणा मार्गावर वा कामठीकडे आहेत. घरून ये-जा करावयाची असेल तर दोन बस बदलाव्या लागतात आणि सायंकाळचे प्रात्यक्षिक संपल्यावर परतीची बस मिळेल काय, या प्रश्नापाशी यादीतील निम्मी नावे गळतात. वसतिगृहाचा खर्च उचलणे हा दुसरा मार्ग. तो मुलासाठी ज्या तत्परतेने स्वीकारला जातो त्या तत्परतेने मुलीसाठी स्वीकारला जात नाही.

दुसरे कारण विद्यापीठाच्या सीमेचे. राज्याच्या प्रवेशनियमांत गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के, अशी जागांची विभागणी चालत आली आहे. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. परिणामी सावनेरच्या विद्यार्थ्यास वर्धा वा भंडारा 'होम' आहे, पण नरखेडपलीकडील वरूड किंवा अमरावती नाही. ज्या विभाजनांची मागणी विभागीय अस्मितेच्या आणि सोयीच्या नावाने झाली, त्यांचा हा परिणाम तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानात आला नसावा.

तिसरे कारण शुल्काचे. शासनाची शुल्कप्रतिपूर्ती केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यास मिळते. संस्थास्तरावरील जागांसाठी प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज आणि पूर्ण शुल्क, ही जुनी रीत तेथे शिल्लक आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. यामुळे खाजगी महाविद्यालयांची जी नावे शुल्क पाहूनच वगळली जात, ती मुलींच्या यादीत येऊ शकतात. बसचा आणि वसतिगृहाचा प्रश्न मात्र या निर्णयाने सुटत नाही.

मान्यतेचा पेच

यादीतील नावांचीच शाश्वती किती, हा प्रश्न यानंतर येतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आणि फार्मसी परिषद या दोन संस्था एकाच महाविद्यालयाची प्रवेशक्षमता वेगवेगळी ठरवीत. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो विदर्भातीलच एका संस्थेच्या नावाने. ५ मार्च २०२० रोजी न्यायालयाने फार्मसी कायद्यास, पर्यायाने फार्मसी परिषदेस, प्राधान्य दिले. परिषदेने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची बंदी उच्च न्यायालयांनी रद्द केली आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय कायम केले. असे निर्बंध कार्यकारी ठरावाने घालता येत नाहीत, त्यासाठी कायद्याचा आधार हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नव्या संस्थांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. पर्याय भरणाऱ्या कुटुंबास आता कोणत्या संस्थेस त्या वर्षीची मान्यता मिळाली आहे, किती जागांची मिळाली आहे आणि तिचे शुल्क निश्चित झाले आहे काय, हे प्रत्येक नावापुढे पाहावे लागते. आणि ही माहिती बहुधा अर्ज भरण्याच्या मुदतीच्या आगेमागेच हाती येते.